दरीचा गृहपाठ

१० फेब्रुवारी

धाकटे,

फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. न वाचता फाडलेले कागद मागाहून जुळवत बसायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे. उगाच डिंक वाया जायचा.

आमच्या दाराशी यायचं नाही, फोन करायचा नाही, असं तू मला सांगितलंस त्याला तीन महिने झाले. आले नाही, केला नाही. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, तेवढी फट धरून लिहितेय. शिक्षक माणूस, नियमात फट शोधायला मुलांकडूनच शिकतो.

आत्या येऊन गेली. तिच्याकडून कळलं की नव्या गावात घर लागलं, बडबडीला चौथीत घातलं, आणि बडबडी अजून एक शब्दही बोलत नाही. आपली बडबडी! जेवताना बोलू नको म्हटलं तर खुणा करून बोलायची ती. आत्या असंही म्हणाली, की तूही तिच्याशी बोलत नाहीस. ताट वाढतेस, वेणी घालतेस, पण तोंडाकडे बघत नाहीस. आत्याला मीठमसाला लावायची सवय आहे हे मला ठाऊक आहे, पण एवढं काही ती मनचं सांगणार नाही.

पिटुकली गेली. हे दोन शब्द लिहायला मला तीन कागद लागले. पाच वर्षांचं लेकरू, तुमच्या गल्लीच्या टोकाला पाइपासाठी खणून टाकलेल्या मातीच्या ढिगात, बहिणीच्या डोळ्यांदेखत. बहीण दोन्ही हातांनी माती उपसत होती आणि वरून आणखी येत होती. तुझं काय झालं असेल ते मी लिहायला जाणार नाही, मला तो अधिकार नाही. पण जी उरलीय ती नऊ वर्षांची आहे गं. तिला बोल लावू नकोस. तिचा दोष नाही, एवढंच सांगायला हे पत्र.

तू त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, तुझ्या त्या खेळांनी माझं घर बुडवलं." आता सांगते, कारण खेळ काय होते हे तुला कुणी नीट सांगितलेलंच नाही.

बावीस वर्षं मी भूरूपं घोकूनच घेतली. सभोवतालच्या प्रदेशापेक्षा उंच आणि माथा सपाट असलेल्या भूभागास पठार असे म्हणतात. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, आणि परीक्षेत निम्मी पोरं पठाराला दरी म्हणून मोकळी व्हायची. पालथ्या घड्यावर पाणी. मग गेल्या वर्षी ते पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आली होती ती पोरगी माझ्या निम्म्या वयाची. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, ही काय मला शिकवणार? पण तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, की जे नुसतं कानाने ऐकलं ते मेंदू टाकून देतो. जे अंगाने केलं, जे हसत किंवा घाबरत केलं, ते तो जपून ठेवतो. दहा मिनिटं शिकवा, मग मुलांना उठवा. हात लावू द्या, वास घेऊ द्या, शेजाऱ्याला सांगू द्या. आणि एका दिवसाच्या आत त्याने ते दुसऱ्या कुणाला शिकवलं, की ते पक्कं बसलं.

मी परत येऊन बडबडीचा वर्ग उलटापालटा केला. बाकं भिंतीला लावली. डोंगर म्हणजे डोक्यावर हात जोडायचे. मैदान म्हणजे सरळ जमिनीवर आडवं व्हायचं. ते तर सगळ्यांचंच लाडकं. बेट म्हणजे माझ्या निळ्या ओढणीच्या मधोमध एकट्याने उभं राहायचं. द्वीपकल्प म्हणजे तीन बाजूंना ओढणी आणि चौथ्या बाजूने मैत्रिणीने हात धरायचा. दरीसाठी उंच मुलांच्या दोन रांगा समोरासमोर, आणि मधून एकेकाने चालत जायचं, वर बघत. परातीत ओली माती घेऊन आम्ही सगळी भूरूपं केली, पाणी सोडून नदी केली. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या, नाव सांगताना अडखळणाऱ्या मुलाने पठार आणि डोंगर यांतला फरक मला डोळे मिटून सांगितला. धाकटे, मी शौचालयात जाऊन रडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की आपण पगार फुकट घेत नाही.

म्हणजे खेळ वाईट नव्हते. आणि ढिगावर जा असं काही मी मुलांना सांगितलं नव्हतं, ते चौकशीत स्पष्ट झालंय. मुलं मनाने जातात. पण मनाने गेली म्हणून तिला दोष देऊ नकोस.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर येणार नाही हे गृहीत धरलं होतं, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जाते. तो आता लांबूनच मान हलवतो.

बाकं परत होती तशी लावली. कुणी सांगितलं नव्हतं. उलट मोठे सर म्हणाले, बाई, तुमच्यावर काही ठपका नाही, तुमचं काम चालू द्या. आमचे मोठे सर म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची असं मानणारा माणूस. शाळेवर बालंट आलं नाही, एवढ्यावर ते खूश. त्यांनी माझं टाचण स्वतः तपासून सही केली. रोज काय शिकवलं आणि काय गृहपाठ दिला ते त्या वहीत तारीखवार असतं. त्या दिवशीच्या गृहपाठात लिहिलंय, व्याख्या पाठ करणे. वही कपाटात आहे, कुणीही बघावी.

मुलं विचारतात, बाई, आज डोंगर नाही करायचा? मी म्हणते, पुस्तक काढा. ती पुस्तक काढतात आणि एका सुरात म्हणतात. परवा त्या अडखळणाऱ्या मुलाने हात वर केला, मी तिकडे बघितलं नाही. त्याने बराच वेळ वर ठेवला होता.

माझी झोप उडालीय, वजन उतरलंय. हे तुला सांगायला नको होतं. तुझ्यासमोर माझ्या झोपेचं रडगाणं म्हणजे कळसच. पण लिहिलेलं खोडायचं नाही असं ठरवून बसलेय, म्हणून राहू दे.

बडबडी काही बोलली का? कुणाचं नाव घेतलं का? आत्याकडे निरोप दे, मला नको देऊस.

ताई


१५ मार्च

धाकटे,

आज मेहुणे शाळेत आले होते. तू पाठवलं नसशील, ठाऊक आहे. बडबडीचा शाळा सोडल्याचा दाखला नव्या शाळेने मागितला म्हणून आले. कारकून जेवायला गेला होता, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तासभर बसावं लागलं. किती वाळलेत गं. शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. मी पाणी दिलं, त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

त्यांनीच सांगितलं. तुला कळायला हवं की मला कळलंय.

गेल्या आठवड्यात तू भाजी निवडत होतीस. बडबडी समोर येऊन बसली. तू खाली मान घालूनच तिला म्हणालीस, "तू नेलं होतंस तिला. तूच आणायचं होतंस परत." ओरडून नाही, हळू म्हणालीस. ती उठली, चपला घातल्या आणि गेली. दोन तास सापडली नाही. मग एक बाई तिला दंडाला धरून घेऊन आली. मागच्या रस्त्यावर इमारत उठतेय, तिथे गवंड्यांच्या हाताखाली काम करणारी. म्हणाली, वाळूच्या ढिगाला खालून हाताने पोखरून तुमची मुलगी आत बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. वर वाळू ओथंबलेली. मी ओढून काढली, आणि काढली तशी वाळू आली खाली.

मेहुण्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, तिला आता एकटं सोडता येत नाही. मी कामावर गेलो की जीव टांगणीला लागतो. ती का गेली होती ढिगावर? तुम्ही तिच्या बाई होतात. तुमच्याशी ती सगळं बोलायची. तुम्हाला काहीच ठाऊक नाही का?"

मी म्हटलं, नाही हो.

तेवढ्यात कारकून आला. दाखल्यावर वर्गशिक्षिकेची सही लागते. वर्तणुकीच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं आणि सही केली. ते दाखला घडी घालून खिशात ठेवून गेले. मी पाचवा तास घेतला, सहावा घेतला, घरी आले.

आता हे लिहितेय आणि इथपर्यंत आल्यावर हात पुढे जात नाही. आज बंद करते.


१६ मार्च

धाकटे,

कालचा कागदही याच पाकिटात घालतेय. आज वर्गावर गेले नाही.

आता नीट वाच. बसून वाच, आणि मेहुण्यांनाही जवळ बोलव.

त्या दिवशी दरी शिकवली. शाळा सुटताना सगळ्यांना गृहपाठ दिला: घरी जाऊन आपल्यापेक्षा लहान कुणाला तरी दरी शिकवा, अंगाने करून. आमचा तो नियम होता, एका दिवसाच्या आत. सगळी पोरं पळाली, बडबडी मागे राहिली. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब वर्ग बघायला येणार होते. मी टेबलावर चढून भिंतीला तक्ते लावत होते, तोंडात टाचण्या. ती खालून म्हणाली, बाई, घरी रांगा करायला माणसं नाहीत, परातीतली माती पिटुकलीला खेळण्यातली वाटते. तिला खरी दरी कशी दाखवू?

मी टाचण्या हातावर काढल्या आणि म्हटलं, "तुमच्या गल्लीच्या टोकाला मातीचा केवढा ढीग आहे. त्यात दोघी मिळून खणा. आणि पिटुकलीला आत बसव. दोन्ही बाजूंनी माती दिसली की तिला कळेल दरी म्हणजे काय. जन्मात विसरणार नाही."

हे मी म्हणाले. शब्द न् शब्द हेच. तिने विचारलं होतं, उंच केली तर चालेल का? मी म्हटलं, जेवढी उंच तेवढी छान.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एरवी माणसं बोलून जातात, त्याने कुणाचं लेकरू मरत नाही. पण मी बाई होते. माझं बोलणं बडबडी कशी पाळायची ते तुला ठाऊक आहे. बाईंनी समास दोन बोटांचा सांगितला तर ती पट्टीने मोजायची. तिने मनाचं काहीच केलं नाही, धाकटे. सांगितलं तसं केलं, आणि सांगितलं तेवढं नीट केलं.

आणि मला माहीत होतं की सुटी माती उभी राहत नाही. डोंगर-दऱ्यांच्या धड्यातच पुढे आहे, दरड का कोसळते. तो भाग मी पुढच्या आठवड्यावर ठेवला होता. एका वेळी थोडंच शिकवायचं, म्हणजे मेंदूला झेपतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं ना.

आता त्याहून वाईट सांगते. त्या संध्याकाळी बातमी कळल्यावर मी तुझ्याकडे धावत आले ते तू पाहिलंस. पण आधी मी शाळेत गेले होते. टाचणातलं ते पान फाडलं आणि नवं लिहिलं, 'व्याख्या पाठ करणे'. तुझ्या घरी आक्रोश चालू होता तेव्हा त्या पानाची शाई ओलीच होती. टाचणाची पानं मोजली तर एक कमी भरेल. मोठ्या सरांनी सही केली, पानं मोजली नाहीत.

आणि चौकशी. तुला तिथे बसवत नव्हतं, म्हणून तू बाहेर थांबली होतीस. आत साहेब, मोठे सर, मेहुणे आणि मी. बडबडीला खुर्चीवर बसवलं होतं, पाय जमिनीला टेकत नव्हते, नखांत अजून माती. साहेबांनी तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं का ढिगावर जायला? ती गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. मग साहेब मला म्हणाले, बाई, तुम्ही विचारा, तुमच्याशी बोलेल.

मी खाली वाकले. मी विचारलं, "मी तुला असं काही सांगितलं होतं का गं?"

असं विचारलं मी. तिला नाही म्हणता येईल असं विचारलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. शाळेत तिने मला कायम बाई म्हटलं, चुकूनसुद्धा कधी दुसरं नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "नाही, मावशी."

धाकटे, ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर ती बोललेली नाही. तुम्ही सगळे म्हणता धक्क्याने वाचा गेली. मला ती का गेली ते ठाऊक आहे. तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल, म्हणून पोरीने तोंडच बंद करून टाकलं. मला वाचवायला. नऊ वर्षांच्या पोरीने माझी नोकरी आणि माझी लाज राखली, आणि मी चार महिने तिला राखू दिली. तू तिला बोल लावत राहिलीस आणि तिने ऐकून घेतलं, आणि मी इकडे तुला पत्रं लिहीत होते, तिला दोष देऊ नकोस म्हणून. लाज वाटते लिहायला. काल तर मेहुण्यांच्या तोंडावर नाही म्हटलं मी. पोरीला वाळूत बसलेली ऐकूनसुद्धा.

हेच सगळं लिहून आज सकाळी मोठ्या सरांना दिलं, एक प्रत चौकशीवाल्या साहेबांना पाठवली. सर म्हणाले, बाई, प्रकरण मिटलंय, कशाला हात दाखवून अवलक्षण? मी म्हटलं, पोच द्या. त्यांनी दिली. जे व्हायचं ते होईल, त्याचं मला आता काही नाही. तू मला माफ करू नकोस. त्यासाठी हे लिहिलेलं नाही, आणि तू केलंस तरी मला ते घेता यायचं नाही.

माझं एकच मागणं आहे. सोबत बडबडीसाठी वेगळी चिठ्ठी आहे. तिला स्वतः वाचायला देऊ नकोस. तू वाचून दाखव, तुझ्या आवाजात. तुला जड जाईल. तरी तूच.

ताई


१६ मार्च

बडबडे,

ही मावशी बोलतेय आणि बाईही बोलताहेत. दोघींना मिळून तुला एक गोष्ट सांगायची आहे.

तुझं काही चुकलं नाही. बाईंनी सांगितलं तसंच तू केलंस. पिटुकलीला आत बसवायचं हे बाईंनी सांगितलं होतं, दरी उंच कर हेही बाईंनी सांगितलं होतं. तुला ढीग पडेल हे माहीत नव्हतं, कारण तुला ते कुणी शिकवलं नव्हतं. बाईंना माहीत होतं. त्या बोलायच्या राहिल्या.

ते आता शिकवते. खणलेली माती आणि वाळू उभी राहत नाही. खालून काढली की वरची येते. उपसणाऱ्याचे हात कितीही भराभर चालले तरी ती त्याहून जोरात येते. तू पोहोचली नाहीस कारण कुणीच पोहोचलं नसतं. मी असते तरी पोहोचले नसते. आता कधीही, कशासाठीही ढिगात बसायचं नाही. पिटुकलीला तिथे एकटं वाटत असेल म्हणून गेली असशील तर ती तिथे नाही, राणी.

त्या दिवशी साहेबांसमोर तू मला वाचवलंस. फार मोठं काम केलंस, पण ते तुझं नव्हतं. लहानांनी मोठ्यांना वाचवायचं नसतं. ते माझं मी आता केलंय. सगळ्यांना खरं सांगून टाकलंय, साहेबांनासुद्धा. तुझ्याकडे सांभाळायला काही उरलेलं नाही.

आता आई वाचायची थांबेल आणि तुझ्याकडे बघेल. ती तुला विचारेल, मावशीने सांगितलं होतं का असं करायला?

तू हो म्हण.